आठाने गुणलं तेव्हा

मी सोनाबाई, धवलारीण. उरणच्या आसपास हळदीचे धवले माझ्यासारखे कुणी गात नाही, हे मीच सांगते. दुसरं कोण सांगणार? घरातल्या एकेकाचं नाव घेऊन गायचं, ही आमची रीत. ज्याचं नाव गळलं तो त्या घराला मेला.

बुधाजी मिठागराचा मुकादम. शिकलेला चौथी, पण आकड्यांचं भारी वेड. बांधावरच्या चिखलात काठीने एकच आकडा लिहायचा: १२३४५६७९. "आठ न्हाय यात. आता नवाने गुण." उत्तर यायचं नुसती एकांची रांग. "आठावाचून कुनाचं काय अडलं?" म्हणून मिशीवर हात फिरवायचा.

अडलं होतं त्याच्या बायकोचं, ठमाबाईचं. घरात बुधाजी एक, ठमाबाई दोन, मग पोरं. त्यात जनी आठवी आणि मोरू नववा. जनीने करंजा गावच्या कोळ्याशी लग्न केलं आणि बापाने तिचं नाव टाकलं. नावच काय, आठ हा आकडाच टाकला. मिठाच्या राशी मोजतानाही "सात, सातावर एक, नऊ" म्हणायचा. मजूर तोंड दाबून हसायचे.

छप्पन साली मोरूचं लग्न निघालं, घरातलं शेवटचं. हळदीच्या सकाळी बुधाजी म्हणाला, "सोनाबाय, जनीचं नाव घ्यायचं न्हाय." हळदीचा चौक रेखायला तांदळाचं पीठ चाळणाऱ्या ठमाबाईचे हात थांबले. आता नाव गळलं तर ते घ्यायला त्या दारात पुन्हा मांडव पडणार नव्हता. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "बुधादादा, नावं गाळायची तर दुसरी धवलारीण बघ."

ठमाबाई भांडली नाही. पिठाचं सूप तिने त्याच्यापुढे सरकवलं.

"तुमचा आकडा लिवा. नवाने रोजच गुनता, आज माज्यासाठी आठाने गुना."

आठ त्याच्या तोंडून निघावा, एवढंच तिला हवं होतं. हिशेब समोर आला की बुधाजीला राहवत नसे. तो बोटाने लिहू लागला. "आठ नव्वे बहात्तर, हातचे सात..."

पिठात उमटलं: ९८७६५४३२.

"आठ आला का?" ठमाबाईने विचारलं.

"आला," बुधाजी म्हणाला. आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. "पन एक गेला."

उठला, बंडी चढवली आणि कुणाला न सांगता निघून गेला.

दुपारी मोरू हळदीला बसला तरी याचा पत्ता नाही. पहिलं नाव घरधन्याचं, ते रिकाम्या पाटाला कसं ऐकवायचं? मी गावदेवीचं गायले, वेशीवरच्या देवाचं गायले, देव संपत आले. "रुसला असंल," बाया कुजबुजल्या. ठमाबाई खाली मान घालून बसली होती. मला तर त्याचा असा राग आला होता की विचारू नका.

तेवढ्यात करंज्याच्या वाटेने बुधाजी आला. खांद्यावर जनीचं पोर, मागे जनी. तो आपल्या पाटावर बसला आणि म्हणाला, "हां सोनाबाय, एकापासून घे."

मी एकापासून घेतलं. धवले बायांनीच गायचे असतात. पण आठव्या नावाला मी थांबले, आणि ते नाव बुधाजीने घेतलं.