ठरलेलं वजन

एल्रॉयने तोंडात पाणी घेतलं, गालांत खळखळवलं आणि बेसिनमध्ये थुंकून टाकलं. जिभेवर राहिलेला थेंबही त्याने बाहेर लोटला. त्याची आई मॉड दारात उभी राहून बघत होती. कालपासून पोराने पाणी गिळलं नव्हतं. ओठांना भेगा पडल्या होत्या, डोळे खोल गेले होते.

“एक घोट गिळलास तर काय आभाळ कोसळेल?”

“कोसळेल, ममा. चौसष्टच्या वर एक घोटपण नाही.”

चौसष्ट किलो. खोताच्या वाडीतल्या त्या घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. एल्रॉय बॉक्सिंगमध्ये लढायचा तो गट सदुसष्टच्या आसपासचा. समोरचा दौलत त्याच्या खालच्या गटातला. पण नाव त्याचं मोठं, तिकिटं त्याच्या नावावर खपणार. चौसष्टच्या वर लढणार नाही, असं त्याच्या माणसांनी सांगून टाकलं आणि दोन्हीकडून सह्या झाल्या. दोन गटांच्या मधलं, आपसात ठरवलेलं वजन. त्याला कॅचवेट म्हणायचं. मधलं म्हणे! तो मध्य नेमका दौलतच्या अंगणात पडला होता.

“दोघांना मान्य आहे, म्हणजे फेअरच झालं ना, आंटी,” एल्रॉयचा कोच आनंदा तिला म्हणाला होता.

“याच्या अंगाला विचारलं होतं कोणी?”



मॉडला भीती होती ती नीलसारखं होण्याची. नील एल्रॉयच्याच करी रोडच्या जिममधला. असंच अंग सुकवून रिंगमध्ये उतरला आणि डोक्यावर एक ठोसा बसला, तसा साधाच. आता तो दिवसभर खिडकीत बसलेला असतो, आणि आई घास भरवायला आली की विचारतो, तुम्ही कोण? अंगात पाणी नसलं की मेंदूलाही आधार उरत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. ते ऐकल्यापासून मॉडचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. रात्री दोनदा उठून ती एल्रॉयचा श्वास बघून यायची.

वजन चुकलं की लढत रद्द, हेही आनंदानेच सांगितलं होतं. तेवढं एक वाक्य तिने घट्ट धरून ठेवलं होतं.

तिने देव्हाऱ्यातली वेलंकणीची बाटली काढली, माउलीच्या मूर्तीसारखी, निळ्या झाकणाची. तिकडून आणलेलं पवित्र पाणी संपत आलं की त्यात नळाचं घालायचं, ही तिच्या सासूची रीत. आशीर्वाद पातळ होत नाही म्हणे. मॉडने बाटली नळाखाली काठोकाठ भरली आणि सगळी पेल्यात ओतली.

“माउलीचं आहे. घे.”

“एवढं?”

“थुंकू नकोस हं.”

त्या घरात ते पाणी कधी कोणी थुंकलं नव्हतं. एल्रॉयने क्रूसाची खूण केली आणि डोळे मिटून पेला रिकामा केला. मग पेला उलटा धरून राहिलेल्या थेंबाची वाट पाहिली. मॉडला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

दुपारी प्रभादेवीच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये वजनाचा काटा लावला होता; लढत दुसऱ्या दिवशी होती. एल्रॉय चढला. दोनशे ग्रॅम जास्त.

मॉडने पर्सवर हात ठेवून मनात आभार मानले.

दोन तासांची मुदत मिळाली. आनंदाने त्याला प्लास्टिकचा सूट घालून दोरीवर उड्या मारायला लावल्या, केस उतरवले. पण घाम येणार कुठून? अंगात काही उरलंच नव्हतं. काटा तरीही वरच राहिला.

“काय प्यायलास तू?” आनंदा ओरडला.

“काही नाही, सर.” एल्रॉयने आईकडे पाहिलंसुद्धा नाही.

आनंदा आतल्या खोलीत गेला, मागोमाग दौलतची माणसंही आत गेली, दार लागलं. मॉड मनात स्वयंपाकाला लागली होती. घरी गेल्यावर आधी पेज द्यायची, मीठ घालून. मग भात, फिश करी. आज पोटभर जेवेल आणि आडवा होईल.

आनंदा बाहेर आला, कपाळ पुसत.

“जमवलं. लढत होणार.”

“रद्द म्हणाला होतास ना तू?” मॉडचा आवाज चिरकला.

“करार आपलाच ना, आंटी. आपण ठरवला, आपणच बदलला. फक्त एक अट घातली त्यांनी.” तो एल्रॉयकडे वळला. “उद्या रिंगमध्ये उतरायच्या आधी परत काटा. पासष्टच्या वर जायचं नाही.”

एल्रॉय खुर्चीत मागे टेकला.

“म्हणजे काय रे?” मॉडने विचारलं.

“एरवी काट्यावरून उतरला की लगेच पाणी, ग्लुकोज, भात. एका दिवसात चार-पाच किलो भरून येतो, म्हणून तर उभा राहतो. आता ते बंद. उद्यापर्यंत घोट घोट, मोजून.”

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. वजनाला ती पहिल्यांदाच आली होती. ती शेजारच्या खुर्चीवर बसली. मांडीवरच्या पर्समध्ये बाटली होती; निघताना तिने ती परत भरून घेतली होती.

“घाबरू नको, ममा.” एल्रॉयची जीभ टाळूला चिकटत होती. “रद्द होता होता वाचली. तुझ्या माउलीनेच वाचवलं बघ. उद्या उतरताना त्यातला एक घोट दे मला.”

हॉलच्या त्या टोकाला दौलतने पाण्याची मोठी बाटली तोंडाला लावली होती. त्याचा गळा खालीवर होत होता, पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळत होतं. एल्रॉय एकटक तिकडे बघत होता.

मॉडने पर्सची चेन ओढून बंद केली. उठली, आणि त्या दोघांच्या मधे, दौलतकडे पाठ करून, एल्रॉयला तो दिसणार नाही अशी उभी राहिली.