सोप्या पातळीवर खेळणारा मुलगा

रुदैनाला बघायला पाहुणे येणार म्हणून इर्बिद या अरबी शहरातल्या तिच्या घरात सकाळपासून खजूर भरलेल्या मामूल बिस्किटांचा वास भरला होता. आईचं मात्र एकच पालुपद चाललं होतं.

"खेळांचा विषय काढायचा नाही. आवड विचारली तर भरतकाम सांग."

"आई, मला सुईत दोरा ओवता येत नाही."

"ते लग्नानंतर कळू दे त्यांना."

आईचंही बरोबर होतं. दिवसा वास्तुविशारदाकडे नकाशे काढणारी अठ्ठावीस वर्षांची मुलगी संध्याकाळी टीव्हीसमोर बसून राक्षस मारते, हे कळल्यावर मागच्या स्थळाच्या आईने हातातला कप खाली ठेवला होता आणि बोलणी तिथेच मोडली होती. म्हणून या वेळी टीव्हीजवळच्या गेमच्या यंत्रावर भरतकामाचा रुमाल पडला आणि वर फुलदाणी आली.

कुतैबा आई आणि बहिणीबरोबर आला. उंच, जरासा वाकून चालणारा, सरकारी इस्पितळात एक्स-रे काढणारा. चहापाण्यानंतर रुदैनाचे आईवडील पाहुण्या मायलेकींना घेऊन आतल्या खोलीत सरकले. उरले हे दोघे, आणि उघड्या दारापाशी जपमाळ घेऊन बसलेली फदवा आत्या.

कुतैबाने रुमालाकडे बोट दाखवलं. "वायर बाहेर राहिलीय. तुमच्या भावाचं का?"

"मला भाऊ नाही." भरतकाम हा शब्द रुदैनाच्या ओठांवर आला, पण तिने तो गिळला. "माझं आहे."

"माझ्याकडेही आहे. पण मी आपला सोप्या पातळीवर खेळतो."

"सोप्या पातळीवर? ते म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास," ती बोलून गेली, आणि जीभ चावली.

त्याला राग आला नाही. "मी अपघात विभागात असतो. दिवसभर मोडलेली हाडं बघायची आणि घरी येऊन खेळातही मरत राहायचं? मला फक्त गोष्टीत पुढे काय झालं ते कळलं की पुरे."

सोपी पातळी म्हणजे खेळच नव्हे, यावरून रुदैना मैत्रिणींशी तासन्‌तास भांडायची. कुणी इतकं थकून खेळायला बसत असेल, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"तुमचं पटतंय मला," ती म्हणाली. "थोडंसं."

"थोडंसं चालेल."

मग गाडी रुळावर आली. दरवर्षी तोच फुटबॉलचा खेळ नवा सदरा घालून विकतात, असं ती म्हणाली. आता खेळातली तलवार विकत घेतली की म्यान वेगळं घ्यावं लागतं, असं तो म्हणाला.

"आणि खेळांतल्या अरबी पाट्या बघितल्यात? जोडून लिहायची अक्षरं सुटी सुटी, वर उलटी," रुदैना म्हणाली. "एवढा पैसा ओततात, पण आपला एक माणूस पगारावर ठेवून 'बाबा, हे जरा वाच' म्हणवत नाही."

"कुणाचा पगार थकलाय?" आत्याने माळ थांबवून विचारलं.

"कुणाचा नाही, आत्या."

कुतैबा हसला, मग हळूच म्हणाला, "आपली गावं या परदेशी खेळांत नेहमी पिवळी, धुळीची. फक्त उडवायला ठेवलेली. एकदा मी बंदूक घेऊन अशा एका घराच्या गच्चीवर गेलो. तिथे दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. चित्रातलेच, पण मला पुढे जाववेना. तो खेळ मी पुन्हा लावला नाही."

रुदैनाने त्याच्याकडे नीट बघितलं. एक्स-रेच्या खोलीत कण्हणाऱ्या माणसाला हा कसा धरून उभा करत असेल, ते तिला दिसलं. मग ती उठली, फुलदाणी उचलून बाजूला ठेवली आणि रुमाल काढला.

"अगं, आई काय म्हणेल?" आत्या म्हणाली.

"म्हणू दे. तुम्हीही या इकडे, आत्या."

तिने घरसामान हलवायचा, दोघांनी मिळून खेळायचा खेळ लावला आणि न विचारता पातळी सोपी केली. पडद्यावरचं कपाट एका टोकाला तिने धरलं, दुसऱ्या टोकाला त्याने. कपाट दारात अडकलं.

"डावीकडे घ्या."

"माझी डावी की तुमची?"

"कपाटाची," आत्या म्हणाली. ती आता सरकून पुढे आली होती.

तेवढ्यात दोघांच्या आया आणि कुतैबाची बहीण दारात आल्या. रुदैनाच्या आईचा चेहरा पडला. कुतैबाच्या आईने मात्र टीव्हीकडे निरखून बघितलं आणि कमरेवर हात ठेवला.

"घरी याला साधं स्टूल उचलायला सांगितलं तर पाठ दुखते. इथे बरं कपाट उचलतो!"

त्याची बहीण हसली आणि पाठोपाठ आत्या. रुदैनाच्या आईला हसावं की रडावं ते कळेना. शेवटी तिने मामूलची बशी पुढे केली.

पाहुणे गेल्यावर वडिलांनी रुदैनाला जवळ बसवलं. "काय कळवू त्यांना?"

"फार वाईट खेळतो, बाबा. प्रत्येक दारात अडकतो."

"मग नाही म्हणू?"

"नाही, तसं नको," ती घाईने म्हणाली, आणि लाजून खाली बघू लागली. "अडकला की विचारतो. मलाही नीट उत्तर द्यायला शिकायला हवं."

वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते फोन शोधायला उठले.