चादरीच्या पट्ट्या

सुईचं टोक पत्र्यातून पलीकडे निघालं की नाही हे डोळ्यांना दिसलं नाही. बोटाच्या पेराला मात्र कळलं, मुंगीनं चावावं इतकंसं. तिनं सुई मागे ओढली, शीतपेयाच्या डब्यातून कापलेला तो चौकोनी तुकडा खिडकीसमोर धरला, आणि त्याच्या मधोमध उजेडाचा एक कण उभा राहिला. कड खरबरीत राहिली तर चित्र विसकटतं, म्हणून मागून पॉलिश पेपरनं घासायचं, पुन्हा सुई फिरवायची, पुन्हा घासायचं… सुई बाबांच्या डबीतली होती, रेशमी कापडासाठी ते वापरत ती, सगळ्यांत बारीक. न विचारता घेतली, असं क्षणभर मनात आलं, आणि मग — विचारायचं कुणाला?

बाबा पलीकडे पलंगावर होते. उशांना टेकून, छताकडे डोळे लावून. पक्षाघाताचा झटका आल्यापासून गेला हिवाळा आणि त्यानंतरचे सगळे महिने ते असेच होते. त्यांना समजत असेल असं धरून चालू नका, डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते सांगताना त्यांनी आवाजसुद्धा खाली आणला नव्हता.

शाळेत ती चित्रकला शिकवायची. वर्गाला हा सुईच्या छिद्राचा कॅमेरा करून दाखवायचा, तर आधी घरी जमतो का पाहावा, एवढाच हेतू होता. किंवा रविवारच्या दुपारी हातांना काहीतरी काम हवं होतं, हाही असेल. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आतून काळा रंगवलेला. एका बाजूला हा छिद्राचा तुकडा, समोरच्या बाजूला फोटोचा कागद. भिंग नाही, बटण नाही. छिद्रावरची काळी पट्टी उचलली की उजेड आत शिरू लागतो आणि पट्टी परत लावेपर्यंत शिरतच राहतो. खोलीतल्या उजेडात जेवणानंतर उघडलेलं छिद्र चहाच्या वेळेपर्यंत तरी उघडं ठेवावं लागणार होतं. हलतं ते कागदावर उरत नाही; एवढा वेळ अजिबात हलणार नाही असं काय आहे? रस्ता हलतो, कुंडीतली पानं हलतात… तिची नजर पलंगाकडे गेली. या विचाराची तिला लाज वाटली, पण विचार चुकीचा नव्हता.

"बिस्किटाच्या डब्यानं फोटो?" मावशी म्हणाल्या. दिवसभर बाबांचं सगळं करायला त्या येत. "उद्या कुकर लावून बातम्या दाखवाल, ताई." मग पट्ट्यापट्ट्यांची धुतलेली चादर ताणून घेत, बाबांचा उजवा हात त्या चादरीवर सरळ ठेवत त्यांनाच म्हणाल्या, "आजोबा, जरा हसा बरं. नाहीतर नंतर म्हणाल, फोटो वाईट आला."

"त्यांना काय कळतंय, मावशी."

"म्हणून बोलायचंच नाही? मी तर भिंतीशीही बोलते. उलट उत्तर देत नाही, एवढं सुख नवऱ्याकडून नाही मिळालं मला."

मावशी औषधं आणायला गेल्या. तिनं डबा टेबलावर ठेवला, वर जड शब्दकोश ठेवला, पट्टी उचलली. काहीच झालं नाही. झालेलं दिसायचंच नव्हतं.

मग दादाचा फोन आला.

"काय ठरवलंस, छोटे? उद्या सकाळी बाबांना न्यायला गाडी पाठवू का विचारतायत ते वृद्धाश्रमातले लोक."

"पाठवू देत."

"नक्की? नंतर म्हणशील, दादानं ढकललं."

"नाही म्हणणार." ती खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत चालत होती, फोनवर बोलताना नेहमी चालते तशी. "अरे, त्यांना इथे काय नि तिथे काय. खोली बदलली तरी कळणार नाही. मी दमले रे. कधी कधी वाटतं, आता सुटले तर बरं. तेही, मीही."

"कळतं गं मला."

"तुला काय कळतंय. तू महिन्यातून एकदा फळं घेऊन येतोस."

दादा हसला, तीही हसली, आणि बोलणं दुसरीकडे वळलं. पलंगाकडे पाठ होती तिची.

संध्याकाळी न्हाणीघरात लाल बल्बच्या उजेडात कागद फोटो धुण्याच्या औषधात बुडवला, तेव्हा आधी खिडकी आली, उजेड तिथे काळा उमटतो म्हणून काळीभोर, मग पांढरा काळोख, मग उलटा टांगलेला पलंग. तो कागद दुसऱ्या कोऱ्या कागदावर काचेखाली दाबून तिनं क्षणभर दिवा लावला, सुलट छाप काढला, आणि ओला छाप तसाच हातात धरून बाहेर आली. आलं होतं! पाण्याचा तांब्या, औषधांच्या बाटल्या, कपाटाची मूठ, सगळं जुन्या आठवणीसारखं मऊ, पण जागच्या जागी. ती स्वतः कुठेच नव्हती. तेवढा वेळ त्या खोलीत फिरली, बोलली, हसली, आणि कागदानं तिची दखलच घेतली नव्हती. बाबा होते. डोळ्यांच्या खोबण्या, नाक, उशीवरच्या डाव्या हाताची बोटं तर मोजता यावीत इतकी स्पष्ट. छातीवरचं पांघरूण थोडं पुसट, ते श्वासामुळे, हे तिला अपेक्षित होतं.

उजवा हात मनगटापर्यंत होता.

मनगटाच्या पुढे धुरासारखं काहीतरी, आणि त्या धुरातून चादरीच्या पट्ट्या सलग, एकही न तुटता, पलीकडे गेलेल्या.

औषध नीट लागलं नसेल. कागद जुना, शाळेच्या कपाटात पडून राहिलेला. पडद्याची सावली… पण डाग पट्ट्या शाबूत ठेवून फक्त हात कसा पुसेल?

"मावशी, दुपारी तुम्ही बाबांचा हात उचललात?"

"मी होते कुठे दुपारी? दुकानात रांगेत." मावशी चप्पल घालत होत्या. "का हो?"

"काही नाही. कधी हललेला पाहिलात?"

"माझ्यासमोर तर नाही," मावशी म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

तिला शिलाईच्या टेबलामागे बसलेले बाबा आठवले — गिऱ्हाईक घासाघीस करतंय, लागेल असं बोलतंय, आणि बाबा एक शब्द न बोलता त्याच्याच कापडाची कड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळताहेत, हळूहळू, गिऱ्हाईक थांबेपर्यंत. तिनं चित्रकलेलाच जायचं असं जाहीर केलं त्या दिवशी समोर कापड नव्हतं, तर तिच्याच ओढणीचं टोक. नको म्हणाले नाहीत. कधीच म्हणाले नाहीत. किती वेळ चोळत होते… आज किती वेळ? हात कागदावर उरू नये इतका वेळ. मी कपाटापर्यंत गेले आणि परत आले आणि पुन्हा गेले तेवढा सगळा वेळ. आणि हे नुसतं आजचंच कुठे होतं. या खोलीत मी काय काय बोलले आहे, कपडे बदलत, रडत, दादाशी भांडत, त्यांचं अंग पुसताना मावशींशी त्यांच्याच अंगाबद्दल…

ती पलंगाजवळच्या खुर्चीत बसली. हात चादरीवर होता, मावशींनी ठेवला होता तसाच. ती पाहत राहिली. पाहता पाहता तिच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखला आहे, आणि तो हात हलावा म्हणून रोखलेला नाही. हे कळलं तेव्हा तिला खुर्ची मागे सारावीशी वाटली, पण ती सारली नाही. हलला, तर उद्याची गाडी परत पाठवावी लागेल, आणि परवाची, आणि त्यानंतरची सगळी. नाही हलला, तर… तर ते फक्त तिच्यासमोर हलवत नाहीत, असंही असू शकतं.

"बाबा," ती म्हणाली. आवाज भलताच निघाला, परक्या घरात दार वाजवून हाक मारावी तसा.

छताकडे लागलेले डोळे छताकडेच राहिले.

बाहेरच्या खोलीत फोन वाजू लागला. दादाच असणार, गाडीची वेळ सांगायला. तिनं तो वाजू दिला. तिची पाठ खुर्चीपासून सुटून ताठ झाली होती, गुडघे जुळले होते, हात मांडीवर एकमेकांत धरलेले होते; खोलीत मोठं माणूस बसलेलं असलं की बसावं तशी ती बसली होती, आणि केव्हापासून, हे तिला सांगता आलं नसतं.