दारामागची जनकाबाई

भाकरी उलटताना जनकाबाईनं पुन्हा बोट भाजून घेतलं. उजवा डोळा कधीच गेला होता, आणि डाव्यावर आता दुधासारखी साय धरली होती.

महाराष्ट्र राज्य होऊन तीनेक वर्षं झाली असतील. मोताळ्याला भरणाऱ्या नेत्रशिबिराआधी सेवा मंडळानं गावोगावच्या म्हाताऱ्यांचे डोळे तपासायला डॉक्टर पाठवले होते. या गावातून ऑपरेशनसाठी आठ नावं निघाली. त्यांत जनकाबाई होती आणि तिचा पुतण्या महादेवरावही. डॉक्टर तिला म्हणाले, "आजी, डावा वाचेल. पण याच वेळी करून घ्या."

जनकाबाई हरखली. महादेवरावाच्या बायकोला, अन्नपूर्णेला म्हणाली, "नातसुनेचं तोंड पाहीन वं आता. वरीस झालं, नुसता आवाजच आयकून राह्यली."

बोलला तो महादेवराव. "काकू, तू मागच्या बंडीनं ये. आमी डोळ्याच्या कामाले चाललो. अशा टायमाले विधवा बाई संगं... तुले समजतेच ना."

समजत होतं. विसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हापासून चाळीस वर्षं समजत होतं. घरातून कोणी चांगल्या कामाला निघालं की ती आपणहून मधल्या दारामागे जाऊन उभी राही आणि ते वेशीबाहेर गेले की बाहेर येई. मागची बंडी नव्हतीच. मंडळानं एकच बंडी केली होती.

ठरल्या दिवशी बंडी दारात आली. आत बसलेल्या सहा जणांपैकी एकालाही समोरचा बैल धड दिसत नव्हता, पण विधवा आडवी येऊ नये याची काळजी सहाही जणांना होती. अन्नपूर्णेनं चाकावर नारळ फोडला. महादेवराव चढून बसला. मंडळाचं काम पाहणारे सहदेव गुरुजी बंडीतूनच यादी वाचू लागले.

"जनकाबाई!"

दारामागे जनकाबाई लुगड्याचं गाठोडं छातीशी धरून उभी होती. निघणाऱ्याच्या कानावर आपला आवाजही पडू द्यायचा नाही, ही सवय जिभेला लागलेली. तिला ओ देता आली नाही.

"जनकाबाई!"

"काकू नाही येत म्हणते, गुरुजी. भेली ऑपरेशनले," महादेवराव म्हणाला.

सहदेव गुरुजी मोठे सुधारक. विधवांच्या दुःखावर त्यांचं भाषण ऐकून माणसं डोळे पुसत. उतरून घरात चार पावलं टाकायची होती, पण उशीर होत होता. त्यांनी नावापुढे 'नकार' लिहिलं आणि बंडी निघाली.

महादेवराव जाड भिंगांचा चष्मा लावून परतला. नव्या डोळ्यांना पहिलं दर्शन चांगलं व्हावं म्हणून सुनेनं त्याला ओवाळलं. तेव्हा जनकाबाई कुठं होती, हे सांगायला नको.

पावसाळ्यात तिचा डोळा लाल झाला, ठणकू लागला. घरच्यांनी त्यात तुळशीचा रस पिळला. पुढच्या साली डॉक्टर पुन्हा गावात तपासायला आले, तेव्हा भिंत चाचपडत चाललेली ती गुरुजींना वाटेत दिसली, आणि त्यांनी हात धरून तिला डॉक्टरांपुढे बसवलं.

डॉक्टरांनी बॅटरी लावली. "उजेड दिसतो?"

"कुठं हाय जी?"

डॉक्टरांनी बॅटरी विझवली आणि जुनी यादी काढली. "मागच्या साली नाही का म्हणालात, आजी? डोळा वाचला असता."

"म्या कुठं नाही म्हटलं? गुरुजींनं दोन डाव नाव घेतलं, दोन्ही डाव आयकलं. गाठोडं घेऊन दारामांगं उभीच व्हती ना मी."

यादीतलं अक्षर गुरुजींचं होतं. त्यांना शरमेनं मान वर करता येईना.

त्यांनी भाषणं सोडली. त्या साली बंडी आली तेव्हा ते आधी उतरले, घराघरांत शिरले आणि दारांमागे पाहिलं. एका दारामागे तशीच एक विधवा, कौशल्याबाई सापडली. तिला त्यांनी सगळ्यांच्या पुढे बसवलं. चार जण रागानं उतरून घरी गेले. गुरुजींनी त्यांच्यासाठी बंडी थांबवली नाही.

जनकाबाईला नातसुनेचं तोंड शेवटपर्यंत दिसलं नाही. कधीमधी तिला जवळ बसवून ती चेहऱ्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "नाक बारीक हाय वं तुहं."