लुचईचा दाणा आणि माझी कबुली

मित्रांनो, मी एक जुना ऑक्सिजनचा सिलिंडर आहे. हो, तोच! दिघोरीच्या शाळेत जांभळीच्या झाडाला टांगलेला, ज्याला तुम्ही घंटा समजून रोज बडवता.

१९७४ साली मी लाखनीच्या एका छोट्या दवाखान्यात आलो. अंग काळे, मान पांढरी, आणि तोरा तर विचारूच नका. नागपूरहून भरून यायचे आणि दमेकऱ्यांना श्वास द्यायचा, हे माझे काम.

एका उन्हाळ्यात टिकाराम आपल्या बायकोला, मनकर्णाबाईंना, घेऊन आले. बाईंना विसर पडू लागला होता. नवऱ्यालाच त्या विचारीत, "पाव्हणे, कोन्या गावचे?" बिचारे टिकाराम कासावीस होत. डॉक्टर म्हणाले, "ऑक्सिजन देऊन पाहू. पण गुण येईलच, असं मी म्हणत नाही."

रोज सकाळी बाईंच्या नाकाला माझी नळी लागे. टिकाराम शेजारी बसून धान रोवण्याच्या, तलावाच्या जुन्या गोष्टी सांगत. मग धोतराच्या सोग्यातून मूठभर धान काढत. घरचे बियाणे आजवर बाईच निवडत आल्या होत्या; ढोलीत, म्हणजे कणगीत, भरायचे काम टिकारामांचे.

"हे कोनचं धान, सांग बरं?"

बाई नुसत्या हसत. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी मी मध्येच रिकामा झालो. नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीतले बुडबुडे थांबले, पण कुणाचे लक्षच नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तेवढ्यात बाईंनी एक दाणा दाताखाली फोडला.

"लुचई. अन् ओलं काहून ठेवलं? चाळीस वर्सं सांगून राहिली, वाळवल्याबिगर ढोलीत टाकू नका म्हून. तुमाले कधी समजन?"

टिकाराम रडता रडता हसू लागले. बोलणी खाऊन इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कुंकू लावले, गळ्यात मोगऱ्याचा हार घातला. मी आपले गुपचूप मिरवून घेतले.

बाईंचा विसर काही पुरता गेला नाही. पण अधूनमधून त्या टिकारामांवर रागावत, आणि तो दिवस त्यांचा सणाचा असे.

पुढे मी गंजलो, तपासणीत नापास झालो. १९८६ मध्ये माझे बूड कापून मला इथे टांगले. आज पहिल्यांदाच कबूल करतो, बाईंनी लुचई ओळखली, त्या घटकेला माझ्यात वारासुद्धा नव्हता. म्हणून मित्रांनो, मला खुशाल बडवा. फक्त सुटीची घंटा झाली, की घरी जाऊन आजीपुढे मूठभर धान धरा आणि ओळखायला सांगा. ती रागावली, तर नशीबवान आहात.