सर्व्हरमहाराजांचा नैवेद्य

"ह्या सर्व्हरलाबी म्हशीवानी दुपारी रवंथ लागतंय का काय!" मागून रामहरी पुटपुटला. छबुबाईनं हसू पदरात दाबलं. मोठ्यानं हसायची सोय नव्हती. केंद्रवाला त्रिंबक सरपंचाचा भाचा.

उमापूरच्या त्याच्या ऑनलाइन सेवा केंद्रात हीऽ गर्दी. कॉम्प्युटरला झेंडूची माळ, पुढं उदबत्ती, नारळ आणि पालथा मोबाइल. दाखले ऑनलाइन झाले, आता कुणाचे पाय धरायला नकोत, असं सरकार म्हणालं होतं. गावानं कॉम्प्युटरचेच धरले.

त्रिंबक डोळे मिटून माउसवर हात ठेवी. "सर्व्हर रुसलाय. वरचा मार्ग बंद हाय." पाकीट उदबत्तीखाली सरकलं, की मोबाइल कपाळाला लावी, एक डोळा किलकिला करी. "मोकळा झाला बघ!" आणि खरंच प्रिंटरातून दाखला येई. लोक तो चपला काढून घेत.

छबुबाईच्या नातीचा, संस्कृतीचा, नर्सिंगला नंबर लागलेला. उत्पन्नाचा दाखला आज कॉलेजात पोचला नाही तर जागा दुसरीला. छबुबाईनं कमरेचं पाकीट काढलं.

"थांब आजी." अर्ज भरताना संस्कृतीनं पडद्यावरचा अर्जाचा क्रमांक तळहातावर उतरवून घेतला होता. तो तिनं आपल्या फोनवर, सरकारी साइटवर टाकला. साइट म्हणाली, अर्जावरच्या मोबाइल नंबरला कोड पाठवलाय.

नारळाशेजारचा मोबाइल टिणटिणला.

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा टिणटिण.

"काका, सर्व्हर झोपलाय ना? मग तुमचा फोन कावून बोलतोय?"

"कंपनीचे मेसेज असत्यात, पोरी."

रामहरीनं मोबाइल उलटा केला. "आरं, संस्कृतीचा दाखला मंजूर! मेसेज परवाचा हाय की बे!"

चमत्कार एवढाच. 'नंबर तुमचाच टाका, आमाला कुठं वाचता येतंय,' असं सगळेच म्हणत. मंजुरीची खबर त्रिंबकलाच कळे. पाकीट येईस्तोवर तो त्या खबरीवर कोंबडीसारखा बसे.

"स्वतःचा नंबर टाका. पावती मागा. जमंना तर घरातल्या पोरीला विचारा," संस्कृती म्हणाली.

त्रिंबक हसला. "मी कुणाच्या खिशात हात घातला व्हता का? लोक राजीखुशीनं देत्यात. नैवेद्य हाय त्यो."

माणसं चपला शोधू लागली. रामहरीसुद्धा. खरा शब्द सगळ्यांच्या जिभेवर होता; पण सरपंचाचा भाचा.

छबुबाईनं पाकीट परत कमरेला खोचलं.

"नैवेद्य न्हाई, त्रिंबक. लाच हाय ती. तू खातूस, अन् आमी हात जोडून चारतो. छाप आता दाखला."