विभूतीला पडलेल्या भेगा

मित्रांनो, मी डॉक्टरांच्या खिशाला अडकवायची एक जुनी, बोटाएवढी बॅटरी आहे. माझं बटण सैल झालं आहे. अंगठ्यानं दाबून धरलं तरच मी उजेड देते. पाटोद्याच्या डॉक्टर वनमालाबाईंनी शिकत असताना मला विकत घेतलं, तेव्हापासून मी त्यांच्याकडे आहे.

मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. बघणं, ऐकणं, चेहरा हलवणं, गिळणं, जीभ वळवणं सगळं त्यांच्यावर चालतं. बाईंच्या हातात राहून मी हे शिकले. मधली काही वर्षं मात्र वाईट गेली. फोनलाच उजेड आला आणि मी टेबलाच्या खणात पडले. आतले सेल पाझरले, स्प्रिंग हिरवी पडली. पण रोग्याच्या डोळ्यात बघताना फोन वाजायचा आणि बाई वैतागायच्या. शेवटी त्यांनी मला बाहेर काढलं, स्प्रिंग घासली, नवे सेल घातले.

त्यानंतरची ही गोष्ट. बाजाराचा दिवस होता. भांड्यांचे दुकानदार धोंडप्पा, त्यांची बायको शांतादेवी आणि धाकटा भाऊ मृत्युंजय सकाळीच दवाखान्यात आले. धोंडप्पांनी पूजा करून कपाळाला विभूतीचे पट्टे ओढले होते. पूजेनंतर चहा पिताना तो ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळू लागला. तोंड जरासं वाकडं झालं होतं, एवढंच.

बाईंनी काही विचारायच्या आत मृत्युंजयच बोलला. "बाई, मागल्या वर्साला मला झालतं तेच हाय हे. गार वारं लागलं. माजा तर डोळाबी मिटत नव्हता. अण्णाचं लई हलकं हाय. त्याच गोळ्या लिहून द्या, दुकान उघडायचंय."

"ह्याचं तोंड आदीपासूनच वाकडं हाय," धोंडप्पा म्हणाले. शांतादेवी तोंडाला पदर लावून हसल्या. बाई हसल्या नाहीत. धोंडप्पांचे शब्द तोंडात सुपारी धरल्यासारखे जड येत होते.

बाईंनी मला हातात घेतलं. मी धोंडप्पांच्या दोन्ही डोळ्यांत उजेड टाकला. बाहुल्या बारीक झाल्या. बाईंचं बोट जाईल तिकडे डोळे फिरले. डोळे घट्ट मिटायला सांगितलं, ते मिटले. दात दाखवायला सांगितलं, तर ओठ फक्त डावीकडे गेला. आ करायला लावून मी घशात पाहिलं. घशातला पडदा एका बाजूनं नीट उचलला जात नव्हता. जीभ बाहेर आली ती उजवीकडे वळली.

मग बाई म्हणाल्या, भुवया वर करा, कपाळाला आठ्या घाला. मी कपाळावर उजेड धरला. वाळलेल्या विभूतीला बारीक भेगा पडल्या, डावीकडे पडल्या तशा उजवीकडेही. शांतादेवींचा जीव भांड्यात पडला. "बगा की, कपाळ कसं धड हाय."

बाईंनी मला खिशाला अडकवलं आणि त्या मृत्युंजयकडे वळल्या.

"मृत्युंजय, तुमचं कपाळ हललं नव्हतं म्हणून मी निर्धास्त होते," बाई म्हणाल्या. "यांचं हलतंय म्हणून मला भीती वाटतेय."

"कावून भिववताय बाई?" मृत्युंजय म्हणाला.

बाईंनी घाईघाईत समजावलं. चेहऱ्याची नस बिघडली तर कपाळासकट अर्धा चेहरा थांबतो. कपाळाला मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, म्हणून मेंदूत एका बाजूला बिघाड झाला तरी कपाळ हलत राहतं. बिघाड मेंदूत आहे, रक्ताची गुठळी असेल तर औषधाचा उपयोग पहिल्या काही तासांतच होतो. तेवढ्यात शांतादेवींनी साखरपाण्याचा पेला नवऱ्याच्या ओठांना लावला. बाईंनी तो काढून घेतला. पाणी श्वासनळीत गेलं असतं.

मृत्युंजय अजून म्हणत होता की उद्यापर्यंत वाट बघू, बाजाराचा दिवस आहे. शांतादेवी उठल्या.

"गाडी काढा भावजी. दुकान कुटं पळून जात न्हाई."

बाई त्यांच्यासोबत निघाल्या. वाटेतूनच त्यांनी बीडच्या मोठ्या दवाखान्यात फोन केला. त्या मला पुन्हा पुन्हा धोंडप्पांच्या डोळ्यांवर धरत होत्या. दर वेळी बाहुली बारीक होत होती, म्हणजे मेंदूवर दाब वाढला नव्हता. मांजरसुंब्याजवळ धोंडप्पांचा उजवा हात मांडीवरून घसरून खाली लोंबला. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला. हात आला नाही. मृत्युंजयनं आरशात ते पाहिलं आणि गाडी आणखी पळवली. शांतादेवींनी तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

बीडला डोक्याचा फोटो निघाला. गुठळीच होती. लगेच औषध सुरू झालं. नंतर कितीतरी वेळ काहीच घडलं नाही. दुपार कलली तेव्हा शांतादेवींनी धरलेल्या धोंडप्पांच्या हाताची बोटं हलली. त्यांनी तो हात आणखी घट्ट धरला. नुसत्या त्या बोटांकडे बघत राहिल्या.

आता धोंडप्पा दुकानात बसतात. मोठं पातेलं उचलताना त्यांना डावा हात लावावा लागतो. मृत्युंजय त्यांना जड भांड्यांना हात लावू देत नाही, त्यावरून दोघांची रोज भांडणं होतात.

मित्रांनो, माझे सेल वेळेवर बदला, खणात टाकताना काढून ठेवा, एवढं मागणं माझ्यासारख्या जुन्या वस्तूचं असणारच. पण घरात कुणाचं तोंड वाकडं झालं, बोलणं जड झालं, तर थोडकंच दिसतंय म्हणून बसून राहू नका. शेजारच्याला असंच झालं होतं आणि तो बरा झाला, यावरही विसंबू नका. आधी गाडी काढा.